एकच आवाज फाटतो

हॅलोकाकांचा कुणावरच विश्वास नव्हता, आणि चार्जरवर तर मुळीच नव्हता. बंदराच्या वायरलेस खोलीत सगळी नोकरी काढलेला माणूस. गल्लीत कुणी हाक मारली तरी आधी ‘हॅलो’ म्हणायचा आणि मग मागे वळायचा, म्हणून हे नाव पडलं. निवृत्तीनंतर बापाचे कान रिकामे राहू नयेत म्हणून धाकट्या मुलाने पत्त्यांच्या डबीएवढा एक संगणक आणून दिला, त्यात रेडिओच्या लहरी पकडणारं बोटभर डोंगल खोचलं आणि खिडकीबाहेर एरियल बांधली. जुन्या रेडिओचं निम्मं काम आता सॉफ्टवेअर करणार होतं, आणि बंदराच्या चॅनेलवरची बोलणी टेबलावरच्या स्पीकरमधून ऐकू येणार होती.

काकांना त्यातून ऐकायचं होतं एकच. थोरली मुलगी लांबच्या सफरीच्या मालवाहू जहाजावर रेडिओ ऑफिसर होती. तिचं जहाज परतीच्या वाटेवर एरियलच्या टप्प्यात आलं, की तिची पहिली हाक बंदराच्याही आधी आपण ऐकायची, एवढीच त्यांची हौस. ही हौस समोरच्या सलूनवाल्याला तोंडपाठ होती. काका दाढीला बसले की थोरलीला कुठल्या ना कुठल्या महासागरात पाठवूनच उठायचे.

सुरुवातीला स्पीकर मुका होता. धाकटा कामावर गेलेला, म्हणून काकांनी स्वतःच शोध लावला की संगणक आवाज स्पीकरच्या भोकात न सोडता पडद्याच्या तारेत सोडत होता, आणि त्या पडद्याला स्पीकरच नव्हता. ते सरळ केलं, तर आवाज उचकी लागल्यासारखा तुटायला लागला. तो दोष चार्जरचा निघाला. फोनचा मरतुकडा चार्जर त्या डबीला पुरत नव्हता. जाडजूड चार्जर आणला आणि उचकी थांबली. लांबच्या मच्छीमार बोटी शेजारी बसून गप्पा मारल्यासारख्या ऐकू यायला लागल्या.

फक्त एक आवाज फाटत राहिला. बोलणारा कोण, बाई की बाप्या, काहीच कळत नव्हतं. नुसती खरखर यायची, पत्र्यावर वाळू ओतावी तशी. काकांनी तार बदलली, डोंगल लांब वायरीवर नेलं, सॉफ्टवेअर पुसून पुन्हा घातलं. बाकीचे सगळे स्वच्छ, हा एकटाच फाटका.

“त्याचा रेडिओच खराब असेल,” धाकटा म्हणाला, पण म्हणताना त्याने बापाकडे पाहिलं नाही. तिथेच काकांच्या मनात पाल चुकचुकली. बंदरात खराब रेडिओ घेऊन कुणी इतके दिवस फिरत नाही. वायरलेस खोलीतला माणूस पहिल्याच दिवशी त्याची हजेरी घेतो. काकांनी अशा पुष्कळ हजेऱ्या घेतल्या होत्या.

मग ते पडद्यावर नजर ठेवून बसले. जो बोलेल त्याची तिथे एक उजळ रेघ उमटत होती. लांबच्या बोटींच्या रेघा बारीक आणि फिकट. या फाटक्या आवाजाची मात्र सगळ्यांत जाड आणि सगळ्यांत लखलखीत. दुबळ्या लाटेचा आवाज फाटतो हे काकांना ठाऊक होतं. एवढ्या दणकट लाटेचा का फाटावा?

रविवारी थोरलीचा फोन आला. नेहमीसारखी ती म्हणाली की नेटवर्क धड नाही, समुद्र शांत आहे, जेवण बरं आहे. बोलता बोलता तिच्या मागे भोंगा वाजला, आणि त्याच क्षणी काकांच्या खिडकीतूनही वाजला. भोंगे काय, सगळ्याच बंदरांत असतात, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली, पण ती त्यांना स्वतःलाच पटली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांना पट्टीची आठवण झाली. सॉफ्टवेअरमध्ये डोंगलचे कान किती ताणायचे ते ठरवणारी एक पट्टी होती. ती धाकट्याने अगदी वर नेऊन ठेवली होती. लांबचं ऐकायचं तर ती वरच हवी, असं त्याने बजावलं होतं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पण काकांनी ती कधी चुकून खाली आणली, तर धाकटा जेवायला आल्यावर “जरा बघतो” म्हणून खुर्चीत बसायचा, आणि तो उठला की पट्टी पुन्हा टोकाला गेलेली असायची. पोटच्या पोरावर संशय घ्यायचा म्हणजे बापाला लाजच वाटते. काकांना लाजही वाटली आणि संशयही सुटला नाही.

कानाला तोंड लावून कुणी ओरडलं तर शब्द कळतात कुठे? काकांनी पट्टी हळूहळू खाली ओढली. लांबच्या बोटी एकेक करून विझल्या. खरखर मात्र विझली नाही. ती निवळत गेली, आणि तिच्यातून स्वच्छ आवाज आला. “बंदर नियंत्रण, टग बोलतेय. दोर बांधला. जहाज धक्क्याकडे ओढतेय.”

पहिल्या दोन शब्दांतच त्यांनी ओळखलं. थोरली कुठल्या महासागरात नव्हती. मोठी जहाजं धक्क्याला लावणाऱ्या टगवर होती, घरातून भोंगा ऐकू येतो तिथे. त्यांना आधी राग आला. मग खिडकीतून समोरचं सलून दिसलं, आणि राग कुठे काढावा ते कळेना. त्या खुर्चीत बसून आपण काय काय बोललो ते त्यांना आठवलं, आणि ते मनातून ओशाळले. त्यांनी पट्टी होती तशी पुन्हा वर नेली.

धाकटा दुपारी जेवायला आला. काकांनी ताट वाढलं आणि सहज म्हणावं तसं म्हणाले, “तो आवाज अजून फाटतोच आहे.”

“तो तसाच राहणार, बाबा.”

“राहू दे. पण टगवर कुणी नवीन आलंय वाटतं. काम चोख आहे त्याचं. आत्ताच सलूनमध्ये सांगून आलो, की मोठ्या जहाजावरचा ऑपरेटर दिवसभर चहा पितो, खरं काम टगवाल्याचं. माझीसुद्धा जन्मभर धडपड बंदरातच झाली.”

धाकट्याचा घास हातातच राहिला. मग तो हळूच सांगायला लागला. मोठ्या जहाजावर तिचं मन लागलं नव्हतं, रात्ररात्र रडायची. ही डबी आणली त्याच आठवड्यात ती परत आली आणि सरळ टगवर लागली. घरी यायचं धाडस होईना, कारण बाबा अख्ख्या गल्लीला सांगत फिरतात. पट्टीची युक्ती त्याची स्वतःची. तिचा एक शब्द ऐकला असता तरी बाबांनी ओळखलं असतं, म्हणून.

धाकटा उठला, हात धुऊन टेबलाशी गेला आणि त्याने स्वतःच्या हाताने पट्टी खाली आणली. थोरलीचा आवाज खोलीभर पसरला; दोर सोडला, मागे येतेय, असं काहीतरी ती सांगत होती.

“हॅलो,” काका म्हणाले. त्या डबीला ऐकता येतं, बोलता येत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. तरी ते थोडा वेळ उत्तराची वाट बघत थांबले.

मग त्यांनी विचारलं, “तिची ड्युटी कधी सुटते?”

धाकट्याने सांगितलं. काका चपला शोधायला उठले. जाताना पट्टी त्यांनी होती तिथेच राहू दिली.