मेन स्विचवरचा गणपती

आमच्या अंबडच्या कारखान्यात विजेच्या सुरक्षिततेचा कार्यक्रम सुरू झाला तो गोरक्षभावजींच्या बोटांमुळे. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर, तिथले वायरमन. मी त्याच कारखान्यात स्टोअर सांभाळते. दिवाळीच्या आधी ते पॅनेलमध्ये हात घालून काम करत होते आणि भिंतीपलीकडे कुणीतरी मेन स्विच वर केला. बोटं भाजली, जीव वाचला. घरी पट्टी बदलताना माझी जाऊ प्रतिभा रडली नाही. रात्रीची भांडी आवरताना मात्र हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही तिथंच असता ना. जरा लक्ष ठेवा."

इकडे बागूल साहेब सुरक्षा अधिकारी झाले. माणूस मोठा उत्साही. त्यांनी मुंबईहून लाल कुलपं मागवली. जो काम करेल त्यानं स्विचला कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची, असा नियम. कुलपं खरोखर चांगली होती. इतकी चांगली, की चोरीला जाऊ नयेत म्हणून साहेबांनी ती आपल्या कपाटात ठेवली आणि कपाटाला साधं कुलूप लावलं. साहेब बहुतेक वेळ सुरक्षेच्या मीटिंगला असत, म्हणून कुलपंही सुरक्षित राहिली.

मग पाट्या आल्या. 'काम चालू आहे, स्विच लावू नये.' तपासणीला येणाऱ्यांना पाट्या दिसल्या पाहिजेत, म्हणून साहेबांनी त्या सगळ्या स्विचांवर कायमच्या टांगल्या, कॅन्टीनच्या मिक्सरच्या बटणावरसुद्धा. पाटी वाचून थांबायचं म्हटलं असतं तर कुणाला चटणीही मिळाली नसती. सगळे पाटी बाजूला सारून स्विच लावायला शिकले.

त्यानंतर भावजींना पुन्हा पॅनेल उघडायची वेळ आली तेव्हा ते स्टोअरच्या खिडकीशी येऊन उभे राहिले.

"वहिनी, तुमच्या पिशवीत पूजेची सुपारी असतेच. माझ्या स्विचवर गणपती बसवा. देवाला कुणी हात लावत नाही."

मला ते रुचलं नाही. देवाला काय राखणीला बसवायचं? आणि खोटी पूजा मी कधी केलेली नाही. पण प्रतिभाचा चेहरा आठवला. म्हटलं, बसवते, पण रीतसर. भावजी हात धुऊन यजमान म्हणून उभे राहिले. स्विचच्या पेटीवर विड्याचं पान, त्यावर तांदूळ, त्यावर सुपारी. तिथून लाल नाडा खालच्या दांड्याला बांधला. संकल्प केला. एकदा देव बसला की उत्तरपूजेच्या अक्षता पडल्याशिवाय त्याला हलवायचं नाही, हे कुणाला सांगावं लागत नाही. कुठलाही स्विच ओढणारा बुधा मुकादमसुद्धा नमस्कार करून निघून गेला. काम झालं, भावजी बाहेर आले, मी उत्तरपूजा केली. मग तीच रीत पडली.

मार्चमध्ये सुरक्षा सप्ताह आला. उद्घाटनाला मोठे पाहुणे येणार होते. त्यांनी बटण दाबलं की दिव्यांनी 'सुरक्षा' अशी अक्षरं उजळायची होती. सकाळी ती उजळेनात, म्हणून साहेबांनीच भावजींना पॅनेल बघायला पाठवलं. मग हारतुऱ्यांच्या गडबडीत साहेब ते विसरले.

पाहुणे आले. पंखे बंद, माइक बंद. साहेब घाम पुसत मेन स्विचकडे धावले. स्वतः टांगलेली पाटी त्यांनी बाजूला सारली आणि दांड्याला हात घालणार, तोच सुपारी दिसली. हात तिथंच थांबला. त्यांनी आधी बूट काढले, मग शेजारी अक्षता घेऊन उभ्या असलेल्या मला विचारलं.

"वहिनी, हे काय आहे?"

"गणपती बसलाय, साहेब. उत्तरपूजेशिवाय हलवता येत नाही."

"मग करा की पटकन. पाहुणे उकडतायत."

"यजमान आत आहेत," मी म्हटलं.

साहेब मोज्यांवरच भिंतीला वळसा घालून गेले. पॅनेलमध्ये कोपरापर्यंत गेलेले भावजींचे हात त्यांनी पाहिले आणि तिथल्या खोक्यावर खालीच बसले. भावजी बाहेर येईपर्यंत पाहुण्यांनी माइकशिवायच भाषण केलं. मागच्यांना काही ऐकू गेलं नाही, त्यामुळे टाळ्या भरपूर पडल्या.

साहेबांच्या मनाला मात्र गोष्ट लागली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी बाजारातून सुपाऱ्या मागवल्या आणि एकही स्विच देवाशिवाय राहू नये म्हणून प्रत्येक पेटीवर एकेक सुपारी फेविकॉलनं कायमची चिकटवून घेतली. नाडेही बांधले, जरा सैल, दांडा वरखाली करता यावा म्हणून. आठवड्याभरात बुधा मुकादमानं नमस्कार करणं सोडलं.

भावजी पुन्हा खिडकीशी आले. त्यांनी बोटानं त्या सुपाऱ्या दाखवल्या.

आता त्यांचं पॅनेलचं काम निघालं की मी स्टोअरला कडी घालते आणि मेन स्विचसमोर स्टूल टाकून बसते. माझा रोजचा जप तिथंच होतो. भावजी बाहेर येईपर्यंत माळ खाली ठेवत नाही. साहेबांनी मला दोनदा पाहिलंय. अजून तरी चिकटवलेलं नाही.