उशिराचा दंड

सरकारी हायस्कूलची मोडकी प्रयोगशाळा नव्याने उभी राहिली नाही, तर विज्ञानाचा वर्ग बंद होणार होता. वक्तशीर ताईची मुलगी त्याच वर्गात जाणार होती, त्यामुळे शिवणयंत्रावर बसल्या बसल्या ताईची शिलाई सारखी वाकडी जायची. वक्तशीर हे नाव मैत्रिणींनीच ठेवलेलं. शाळेच्या सगळ्या वर्षांत ही बया एकदाही उशिरा आली नव्हती, आणि त्याचा तोरा अजून उतरला नव्हता.

माजी विद्यार्थ्यांना बोलावून देणग्या जमवायची कल्पना तिचीच. वर एक गंमत म्हणून शाळेचा जुना नियमही तिने कळवला होता. घंटेनंतर येईल त्याने बाईंना कारण सांगायचं. कारण खरं असेल तर माफ, थाप मारली तर दंड.

रविवारी ती अर्थातच सगळ्यांच्या आधी पोहोचली. फाटकाशी निवृत्त बाई खुर्ची टाकून बसल्या होत्या, मांडीवर देणग्या नि दंडासाठी बिस्किटांचा रिकामा डबा. घंटा झाली. मैदानात चिटपाखरू नाही.

"तू एकटीच गं?" बाईंनी विचारलं. ताईला रडू फुटायचंच बाकी होतं.

तेवढ्यात समोरच्या वह्यांच्या दुकानामागून हशा उसळला आणि अख्खी बॅच फाटकावर येऊन आदळली. सगळे मुद्दाम लपून बसले होते! दातांचा डॉक्टर पोट सांभाळत सर्वांत पुढे.

"कारण?" बाई गरजल्या.

"बाई, वाटेत मगर आडवी आली."

"थाप! भर दंड!"

प्लंबर म्हणाला, बायकोने चुकून कपाटात कोंडलं. बँकेची मॅनेजरीण म्हणाली, आजच जन्मले, चालायला शिकण्यातच वेळ गेला. एकाहून एक लोणकढ्या थापा, आणि दंड भरायला ही ढकलाढकली! बघता बघता डब्याचं झाकण लागेना. बाई हसून हसून खोकायला लागल्या. प्रयोगशाळा झाली म्हणायची!

आता ताईला राहवेना. आपणच तेवढं कोरडं राहायचं? ती फाटकाबाहेर पळाली आणि धापा टाकत परत आत आली.

"कारण?"

जन्मात कधी कारण सांगायची वेळ आली नव्हती. थाप सुचेना, खरं तेच तोंडून निघालं. "बाई... मुलीसाठी. तिला इथंच शिकवायचंय मला."

बाई मऊ आवाजात म्हणाल्या, "खरं बोललीस. दंड माफ. जा वर्गात."

"नाही हो बाई, थाप मारली! थाप!" ताई ओरडली, मुठीतल्या नोटा डब्यात कोंबल्या आणि बाईंनी हाक मारायच्या आत वर्गाकडे धूम ठोकली.