भागीबाईंनी बोललेला नवस

१९९८ च्या चैत्रात नातवाचा नवस फेडायला आम्ही नाशिकहून सप्तशृंगगडाकडे निघालो. माझा मुलगा अमोल जीप चालवत होता. मागे सूनबाई मनीषा, मांडीवर लहानगा स्वराज. वणीच्या अलीकडे मळ्यातून भागीबाईंना सोबत घ्यायचे होते. त्यांचे यजमान वाल्मीकभावजी आणि माझे यजमान नाशिकच्या बाजारात एकाच ओट्यावर भाजी विकत. माझे यजमान गेल्यावरही तो घरोबा मी तुटू दिला नाही. हा नवस भागीबाई बोलल्या होत्या, आणि आमच्यात बोलणाऱ्या सवाष्णीच्याच हातून देवीची ओटी भरायची असते. यापूर्वी दोनदा बेत मोडला होता. पोराला वरचेवर ताप येई; नवस राहिला म्हणूनच येतो, हे मनीषाच्या मनाने घेतले होते.

मळ्यापाशी पोचलो, तर वाल्मीकभावजी वाटेतच आडवे उभे.

"उतरू नका वहिनी. ती येत नाय. तुम्ही व्हा म्होरं."

"येत नाही म्हणजे? नव्या बांगड्या भरून तयार राहते, असा निरोप होता तिचा."

"डोकं लय दुखतंय. निजलीय आत."

"आई, नाही म्हणतायत तर राहू दे ना," अमोल कंटाळून म्हणाला.

"राहू दे कसं?" मनीषाचा आवाज चिरकला. "त्यांच्याशिवाय नवस फिटायचा कसा?"

वाटेवरूनच मला परत फिरवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. "कोणी जागचे हलायचे नाही," असे गाडीत बजावून मी उतरले.

"काय हो भावजी, वहिनीला उन्हात उभी करायची रीत कधीपासून काढलीत?"

मी पुढे जाऊ लागले तसे ते मागे सरू लागले. एरवी मला पाहताच पायांशी वाकणारा माणूस.

"शिवू नका वहिनी!"

मी थबकले. त्यांच्या मागे घराचे दार होते. बाहेरून कडी घातलेली.

"निजलेल्या माणसावर बाहेरून कडी घालतात?"

त्यांनी आधी जीपकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"हळू बोला. पोरांच्या कानावर जाईल. पहाटं गेली ती." श्वास घेऊन ते पुढे म्हणाले, "जाताना बोलली, वहिनींची गाडी गडाकडं गेली की मगच आरडा करा. सुतक कळलं तर पोराचा नवस पुन्ना ऱ्हाईल. मी कुणालाच सांगितलं नाय. शेजारी बी नाय."

पहाटेपासून हा माणूस एकटा, आवाज न करता, तिच्या उशाशी बसून आमच्या गाडीची वाट पाहत होता. मी ओसरीचा खांब धरला. खरे सांगावे, तर नवस मोडणार. न सांगता गडावर जावे, तर कळलेले न कळल्यासारखे करून देवीपुढे उभे राहावे लागणार. ते मला जमणारे नव्हते.

मी परतले आणि जीपपासून चार हात अंतरावर थांबले.

"भागीबाईंना बरे नाही. मी इथे थांबते. तुम्ही गडावर जा."

"आणि ओटी?" मनीषाने विचारले.

"तू भर. तिचे नाव घे आणि तिच्या वतीने भरते म्हण."

"असं चालतं, आई?"

"मी सांगते ना, चालते."

चालते की नाही, मला ठाऊक नव्हते.

ती पाण्याची बाटली घेऊन खाली उतरली. तिने ती पुढे करताच मी हात मागे घेतला. "खाली ठेव."

ती माझ्या हाताकडे पाहत राहिली. मग तिची नजर कडी घातलेल्या दाराकडे गेली. मी तिच्यावरची दृष्टी हलवली नाही. तिने बाटली मातीत ठेवली, गाडीत चढून पोराला पोटाशी घट्ट धरले.

"अहो, गाडी काढा."

"अगं, पण काकूंना एकदा भेटून—"

"काढा म्हणते ना!"

जीप वळणाआड गेली. भावजी म्हणाले, "तुम्ही बी जायचं व्हतं वहिनी. तिनं तसंच सांगितलं व्हतं."

"जन्मभर मी तिचे कधी ऐकले होते?"

त्यांना हसू फुटले, आणि त्या हसण्यातच ते मटकन खाली बसले.

मी कडी काढली. आत भागीबाई हिरव्यागार बांगड्या ल्यालेल्या. मी विधवा, माझ्या हाताने त्यांना शेवटचे कुंकू लागणार नव्हते. मी अंगणात आले, शेजारच्या मळ्याकडे तोंड केले आणि जन्मात कधी मारली नव्हती एवढी मोठी हाक मारली.

"सरुबाई! हळद-कुंकू घेऊन या. आमची सवाष्ण गेली."