दहाव्याची कोळंबी

मी टोप बोलतोय. बिडाचा. काळा, जाडजूड, दोन कानांचा, आणि डोक्यावर माझ्याइतकंच हट्टी झाकण. मला उचलताना माणसं 'अगं बाई' म्हणतात, आणि उचलून झालं की मला ठेवायचं कुठे यावर घरात चर्चा सुरू होते. सिंगापुरात ही चर्चा सात वर्षं चालली. तेवढ्या वेळात इथली माणसं जमिनीखालून MRTची, म्हणजे मेट्रोची, नवी लाइन काढतात.

माझं बालपण फार थोडक्यात आटोपलं. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या एका कारखान्यात वितळलेलं बीड वाळूच्या साच्यात ओतलं, थंड झाल्यावर साचा फोडला, आणि मी लगेच मोठा झालो. तिथून मी लुइझियानात, बॅटन रूज गावात, मिस लोरेन नावाच्या बाईंच्या घरी गेलो. बाई एकट्या राहत आणि मागची खोली विद्यापीठातल्या पोरींना भाड्याने देत. माझ्या बाबतीत त्यांचे नियम कडक होते. याला साबण लावायचा नाही, भिजत ठेवायचं नाही, आणि गरम असतानाच पुसून तेलाचा हात फिरवायचा. पाहुण्यांचेसुद्धा एवढे लाड त्या करत नसत.

त्यांच्याकडे साधना राहायला आली. वेंगुर्ल्याची पोर, पीएचडी करायला आलेली. पहिले काही आठवडे ती ब्रेड आणि दह्यावर जगली. मग एका रविवारी बाईंनी माझ्यात एतुफे केलं. हा तिकडच्या केजन लोकांचा पदार्थ. लोण्यात मैदा बदामी होईपर्यंत भाजायचा, त्यात कांदा, सेलरी आणि भोपळी मिरची परतायची, कवचांचं उकळलेलं पाणी ओतायचं, लाल तिखट घालायचं आणि शेवटी क्रॉफिश. क्रॉफिश म्हणजे कोळंबीची गोड्या पाण्यातली चुलत बहीण. झाकण लावून गदगदू द्यायचं आणि गरम भातावर वाढायचं.

साधनाने चमचा बाजूला ठेवला आणि हाताने कालवून खाल्लं. बाई तिच्याकडे बघत राहिल्या.

"भात कसा खायचा हे कळणारी एक तरी पोर या खोलीत आली," त्या म्हणाल्या.

त्यानंतर दर रविवारी दोघी माझ्यापुढे उभ्या राहू लागल्या. पीठ भाजताना हात थांबवायचा नाही, फोन वाजला तरी नाही, दार वाजलं तरी नाही. घराला आग लागली तर आधी गॅस बंद करायचा आणि मग पळायचं, असं बाईंचं शिक्षण. साधनाची आई दूर वेंगुर्ल्याला राहिली होती, आणि बाईंना मूलबाळ नव्हतं. त्या दोघी एकमेकींच्या कोण होत्या याला मराठीत शब्द नाही, इंग्रजीतही नसावा.

साधनाचं लग्न ठरलं तेव्हा बाईंनी मला तिच्या सामानात घातलं. "स्वतःच्या स्वयंपाकघरात करत जा," त्या म्हणाल्या. "मी विचारत राहीन." साधनाने हो म्हटलं. विमानतळावर माझ्या वजनापायी तिला चार साड्या आणि एक शब्दकोश काढून ठेवावा लागला. तेव्हा मला माझा फार अभिमान वाटला होता. माणसाला जसा बाहेरगावी निघताना वाटतो तसाच, आणि तेवढाच टिकणारा.

सिंगापुरात जुरोंग ईस्टच्या फ्लॅटमध्ये माझं स्वागत निशिकांतरावांनी केलं. हे साधनाचे यजमान. मूळचे पुण्याचे, इथे बँकेत व्हाइस प्रेसिडेंट. या शहरात बँकेतला व्हाइस प्रेसिडेंट नसलेला माणूस शोधायला बरेच कष्ट पडतात. त्यांनी माझं झाकण उचललं, आत बघितलं, वास घेतला आणि झाकण परत ठेवलं.

"घरात नको हं साधना. आईला चालणार नाही."

आई पुण्यात होत्या. शुभदाताई त्यांचं नाव. शुद्ध शाकाहारी, वर्षातून एकदा दोन-तीन महिने यायच्या. उरलेल्या महिन्यांत त्यांचं नाक पुण्याहून समुद्र ओलांडून जुरोंग ईस्टपर्यंत पोचत असावं, अशी निशिकांतरावांची श्रद्धा होती. मातृभक्ती म्हणतात ती हीच. स्वतः निशिकांतराव मात्र दर शुक्रवारी ऑफिसातल्या मित्रांबरोबर हॉकर सेंटर नावाच्या खाऊगल्लीत जाऊन चिली क्रॅब, म्हणजे तिखट रश्शातला खेकडा, खायचे, आणि उरलेला रस पावाने पुसून घ्यायचे. "बाहेर चालतं," असं त्यांचं तत्त्व. धर्म उंबऱ्याच्या आत राहतो आणि पोट बाहेर हिंडतं, ही सोय आपल्या लोकांनी कधी शोधून काढली कोण जाणे, पण शोधणाऱ्याच्या बुद्धीला दाद द्यायला हवी.

साधना भांडली नाही. भांडायला वेळ लागतो, आणि तिचा सगळा वेळ बुओना व्हिस्टाच्या लॅबमध्ये काचेच्या बशीतल्या पेशींना खाऊपिऊ घालण्यात जात होता. पुढे इरा झाली. मग तर 'जाऊ दे' हा शब्द तिच्या तोंडी कायमचाच बसला.

आणि मी? मी सर्व्हिस यार्डमध्ये, म्हणजे स्वयंपाकघरामागच्या धुण्याच्या जागेत, वॉशिंग मशीनच्या शेजारी. रिकामं भांडं बघवत नाही अशा कोणा गृहकृत्यदक्ष व्यक्तीने माझ्यात कपड्यांचे चिमटे भरले. निळे, गुलाबी, पिवळे. बांबूवर वाळत घातलेल्या मोज्यांचं पाणी वरून टपकायचं. ज्याला साबण दाखवायचासुद्धा नाही असा मी, साबणाच्या पाण्याखाली सात वर्षं बसलो आणि मला गंज चढला. शुभदाताई यायच्या असल्या की निशिकांतराव मला आणखी मागे, पावडरच्या डब्याआड सरकवायचे, घरात दारूची बाटली लपवतात तसं.

ख्रिसमसला बॅटन रूजहून फोन यायचा. साधना तो घेऊन यार्डात यायची, कारण तिथे रेंज बरी असते असं ती म्हणायची.

"हो, मिस लोरेन. गेल्याच रविवारी केलं. कोळंबीचं. निशिकांतला फार आवडतं."

हे बोलताना ती माझ्याकडे बघायची नाही. मीही पोटात चिमटे घेऊन गप्प बसायचो. मला राग यायचा, पण खोटं बोलणाऱ्या माणसाचा चेहरा इतका केविलवाणा असू शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं. दर वर्षी ती फोन ठेवून थोडा वेळ तिथेच उभी राहायची आणि मग चिमटे घेऊन जायची, कामासाठीच आले होते असं दाखवत.

दोन हजार नऊ साली, शुभदाताई इथेच असताना, बाईंच्या भाचीचा फोन आला. मिस लोरेन गेल्या. झोपेतच गेल्या.

साधना माझ्या शेजारी फरशीवर बसून रडली. शुभदाताई यार्डाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"कोण गेलं गं?"

साधनाने सांगितलं. सगळं सांगितलं, खोली, भात, रविवार, आणि दर वर्षी फोनवर मारलेली थाप. सात वर्षांत सासूला जेवढं सांगितलं नव्हतं तेवढं त्या एका बैठकीत. शुभदाताईंनी पदराने तिचं तोंड पुसलं.

"दहावं-तेरावं करतात का त्यांच्यात?"

"नाही, आई. चर्चमध्ये प्रार्थना झाली म्हणे."

"आणि मूलबाळ नाही. म्हणजे पान वाढणारं कोणीच नाही." त्या तिच्याजवळ टेकल्या. "तिला आवडायचं काय?"

साधना हळूच म्हणाली, "एतुफे. म्हणजे... कोळंबीचं असतं, आई. भातावर घेतात."

आता निशिकांतराव पुढे सरसावले. "आई, आम्ही असलं काही घरात करत नाही. तुला माहितीये ना."

"तुला कोण विचारतंय?" शुभदाताई म्हणाल्या. "गेलेल्या माणसाच्या आवडीचं करतात. मग काय त्या बाईच्या नावाने वरण-भात वाढायचा? तिने जन्मात कधी खाल्ला होता?"

"पण तुला घरात वास..."

"मी माझ्या ताटात नको म्हणते. तुझ्या घरात कोणी काय शिजवावं हे मी कधी सांगितलं? मला त्यात ओढलं कोणी?"

इरा सहा वर्षांची. ती इथल्या सिंगापुरी इंग्रजीत मोठ्यांच्या मदतीला धावली. "आज्जी, पापा ऑल्सो ईट क्रॅब व्हॉट. एव्हरी फ्रायडे, लाह!"

"मला ठाऊक आहे," शुभदाताई म्हणाल्या. "शुक्रवारी घरी येतो तेव्हा त्याची नखं केशरी असतात."

व्हाइस प्रेसिडेंट साहेबांचा चेहरा मी त्या दिवशी बघितला. सात वर्षांच्या चिमट्यांची भरपाई झाली.

दहावा दिवस नेमका रविवारी आला. आदल्या दिवशी साधनाने मला बाहेर काढलं, मिठाने घासून गंज उतरवला आणि तेल लावून लावून तापवलं. सकाळी ती वेट मार्केटमधून, म्हणजे इथल्या मासळी-भाजीच्या बाजारातून, डोक्यासकट कोळंबी घेऊन आली. डोकी आणि कवचं वेगळ्या पातेल्यात उकळायला टाकली आणि माझ्यात लोणी सोडलं. लोणी पातळ झालं, मैदा पडला. इतक्या वर्षांनी पोटात ऊब गेली. मी बिडाचा आहे, पण सांगतो, मला भरून आलं.

शुभदाताई स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या, नाकाला पदर लावून. पीठ जेमतेम रंग धरू लागलं आणि बाथरूममधून इराची हाक आली, "मम्मा, फिनिश्ड ऑलरेडी!" साधनाने इकडे तिकडे बघितलं आणि डाव निशिकांतरावांच्या हातात दिला. त्यांनी तो सही करायचं पेन धरावं तसा धरला. एका बाजूला गुठळ्या, दुसऱ्या बाजूला करपायची तयारी.

"करपतंय! अरे, करपतंय ते! सरक बाजूला." शुभदाताई उठल्याच. पदर खोचला, डाव हिसकावला आणि तळापासून पीठ हलवू लागल्या. "बेसनाचे लाडू या घरात कोण करतं? बदामी व्हायला पाहिजे ना? मग तोंडाकडे काय बघतोस, गॅस बारीक कर."

साधना धावत आली तेव्हा सासूबाई मिस लोरेनच्या टोपात मिस लोरेनच्याच चालीने हात फिरवत होत्या.

"आई, तुम्ही?"

"लोणी आणि मैदाच आहे ना अजून? माझं काही बाटत नाही. तुझे ते प्राणी पडायच्या आत मला सांग, म्हणजे झालं."

कांदा पडेपर्यंत त्या उभ्या होत्या. कोळंबी आली तशा खुर्चीत जाऊन बसल्या, आणि तिथून तिखट किती घालायचं याच्या सूचना देत राहिल्या.

भात झाला. ताटलीत भाताची मूद, तिच्यावर एतुफे, वर पातीचा कांदा. शुभदाताईंनी ताटली यार्डात नेऊन वॉशिंग मशीनवर, उघड्या खिडकीपाशी ठेवायला लावली. मी गॅसवरून सगळं बघत होतो.

"आई, पक्ष्यांना खायला घातलं तर इथे दंड होतो," निशिकांतराव म्हणाले. "आणि कावळे तर इथे गोळ्या घालून मारतात."

"कोणीतरी उरला असेलच."

सगळे उभे राहिले. कावळा आला नाही. समोरच्या पाइपवर एक मैना बसली होती, ती भात बघायची आणि मान फिरवायची. एतुफे निवायला लागलं.

"काहीतरी राहिलंय तिचं," शुभदाताई म्हणाल्या. "काय राहिलंय?"

"मी घरात करत जाईन म्हटलं होतं," साधना म्हणाली. "केलं नाही. आणि केलं म्हणून सांगत राहिले."

"मग तसं सांगा तिला, आता करू म्हणून." साधनाने हात जोडले, तेव्हा सासूबाईंनी तिला अडवलं. "तू नको. तुझ्या मनात होतंच. ज्याने अडवलं त्याने सांगायचं."

निशिकांतरावांनी आईकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. मग मोज्यांच्या रांगेखाली उभं राहून, वॉशिंग मशीनवरच्या कोळंबीला हात जोडून ते इंग्रजीत बोलू लागले, कारण मिस लोरेनना मराठी येत नव्हतं. साधना आता हे या घरात करेल. मी मध्ये येणार नाही.

"कारण सांग," शुभदाताई म्हणाल्या.

निशिकांतरावांनी जोडलेले हात खाली घेतले. "कारण अडवलं मीच होतं," ते म्हणाले, या वेळी मराठीत. "आईचं नुसतं नाव घेतलं. मलाच लोकांना सांगायला आवडायचं, की आमच्या घरात चालत नाही."

मैना खिडकीत उतरली, एक कोळंबी उचलली आणि गेली. खरं सांगायचं तर या मैना कुठेही येतात, कोणाच्याही ताटात तोंड घालतात, आणि निशिकांतरावांच्या वचनाशी तिला काही देणंघेणं नव्हतं. पण शुभदाताईंनी डोळे मिटून नमस्कार केला आणि म्हणाल्या, "शिवलं. चला जेवायला."

त्या सगळ्यांबरोबर एकाच टेबलावर बसल्या, स्वतःचा वरण-भात घेऊन. साधनाने हाताने कालवलं. पहिला घास गिळताना तिला रडू आलं, दुसऱ्या घासाला ती हसली आणि मग तिने दोनदा भात घेतला. निशिकांतरावांनी तीनदा घेतला. वचनबद्ध माणसाला भूक जास्त लागते.

आता माझं बरं चाललंय. गॅसच्या उजवीकडे माझी जागा आहे. पाहुणे आले की निशिकांतराव त्यांना मैदा कसा भाजावा यावर व्याख्यान देतात, आपणच शोध लावल्यासारखं. शुभदाताई पुण्याहून फोन करून विचारतात, "त्या बाईचा टोप पुसून ठेवता ना?"

फक्त या ख्रिसमसला साधनाने माझ्यात खरोखर एतुफे केलं, गॅस बंद केला, आणि फोनकडे बघत उभी राहिली. खरं सांगण्यासारखं पहिल्यांदाच काही होतं, आणि विचारणारं माणूस नव्हतं.

म्हणून वाचकहो, निरोप घेताना एक विनंती करतो. तुमच्याही बाल्कनीत, माळ्यावर, कोणाचं तरी नाव पुढे करून बाहेर ठेवलेलं एखादं भांडं असेल. ज्यांचं नाव घेताय त्यांना एकदा विचारून बघा. आणि ते भांडं आजच आत घ्या, म्हणजे पुढच्या वेळी कोणी मायेने 'केलंस का?' विचारलं तर त्याच्या जिवंतपणी हो म्हणता येईल.