होडीतली लाकडी माळ

हरिभाऊंनी होडी घरी आणली तेव्हा इंदुमतीबाईंनी एवढंच विचारलं, "पाणी कुठाय?"

पाणी होतं, पण शहरापासून लांब, बरुआसागरच्या तळ्यात. होडी मात्र सीपरी बाजारामागच्या त्यांच्या अंगणात, चाकांच्या गाड्यावर उभी, नेमकी जिथे पापड वाळत तिथे. लष्कराच्या छावनीतले एक साहेब शहर सोडून निघाले होते. जाताना म्हणाले, घेऊन जा. हरिभाऊंचा जन्म रेल्वेच्या वर्कशॉपात वॅगनी दुरुस्त करण्यात गेला होता आणि पाण्याशी संबंध बादलीपुरता. पण ते होडीच्या शिडाला असे भुलले, की नव्या सुनेला आणावं तसं तिला पेढे वाटत घरी आणलं.

"पाडव्यापर्यंत ठेवा," इंदुमतीबाई म्हणाल्या. "पाडव्याला हिचं शीड उभं राहिलं नाही, तर ही मुकेश भंगारवाल्याच्या ठेल्यावर. त्याला सांगून ठेवलंय मी."

आणि शीड काही उभं राहीना. शिडाच्या वरच्या काठाला एक तिरकी काठी होती, काठीच्या टोकाला लाकडी बेचकं. त्या बेचक्याने डोलकाठीला कुशीत घ्यायचं आणि दोर ओढला की वर सरकत जायचं, इतकं हरिभाऊंना कळलं होतं. पण दोर ओढला की बेचकं निसटायचं, आणि काठी, शीड सगळं हरिभाऊंच्या डोक्यावर. बेचकं नायलॉनच्या दोरीने करकचून बांधलं, तर ते अर्ध्यावरच अडून बसलं, रुसलेल्या जावयासारखं. ना वर, ना खाली.

अशात होडी झाडताना फळीखाली ती माळ सापडली. आवळ्याएवढे लाकडी मणी, गुळगुळीत, काळसर. जाड दोरीत ओवलेले. दोरीच्या एका टोकाला गाठ, दुसऱ्याला फासा.

हरिभाऊ तिच्याकडे बघत बसले. कारण वर्कशॉपचा नियम होता: दुरुस्ती झाल्यावर एक जरी सुटा भाग जमिनीवर उरला, तर गाडी शेडबाहेर काढायची नाही. हा नियम त्यांनी संसारभर बायकोला ऐकवला होता. तिने मिक्सर उघडला तेव्हाही, आणि शिवणयंत्र उघडलं तेव्हाही.

"मग? उरलाय ना भाग?" इंदुमतीबाईंनी गोड आवाजात विचारलं. "साहेबांना फोन करा की."

"मी? अगं, वॅगनवाला माणूस मी! मी फोन करून विचारू, भैया, ये क्या चीज है?"

शेजारचे रामकृष्ण ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी माळ हातावर तोलली, चष्मा वर केला, खाली केला. "हरिभाऊ, हा इन्सुलेटर. डोलकाठीवर वीज पडू नये म्हणून."

"लाकडाचा?"

"पूर्वी चीजें अशाच असायच्या," रामकृष्ण म्हणाले, आणि चहा संपवून उठले.

होडीचं माप घ्यायला आलेला मुकेश हसत सुटला. "अरे बाबूजी, जा तो बैल के गरे की माला आय!"

"होडीला बैल कशाला जुंपतील रे?"

"तो का पता। छावनीवाले तो कछू भी करत।"

शेवटी इंदुमतीबाईंनी निकाल दिला. ही कुणा साधूची जपमाळ. नर्मदेकाठी होडीत बसला असेल, विसरला असेल. त्यांनी ती धुतली, हळदकुंकू वाहिलं आणि देवघरात ठेवली. रोज दोन फुलं वाहू लागल्या. हरिभाऊ पुन्हा नायलॉनच्या दोरीकडे वळले. देवाशी वाद घालायचा तर आधी बायकोशी घालावा लागला असता.

पाडवा उजाडला. कडुलिंबाला तांबूस पालवी, सकाळी सकाळीच उन्हाला धार, आणि अंगणात होडी, तशीच. इंदुमतीबाई नऊवारी नेसून गुढीची तयारी करताना मुद्दाम मोठ्याने गुणगुणत होत्या:

दारी उभारिते गुढी, चैत्र आला गं बाई,
अंगणी माझ्या होडी, तिला पाण्याचा पत्ता नाही.

तेवढ्यात लक्षात आलं, साखरेच्या गाठीला मुंग्या लागल्यात. आता या वेळी मानिक चौकात कोण धावणार? त्यांनी देवघरातून माळ काढली. "साधूची आहे. साखरेहून पवित्रच." माळ वेळूभोवती फिरवली, गाठ फाशात अडकवली, आणि साडीच्या निऱ्याही तिच्याच दोरीत खोचल्या. वर तांब्या पालथा घातला.

हरिभाऊंनी गुढी उभी केली. तांब्या राहिला वर, आणि साडी माळेसकट सर्रकन खाली आली.

"अगंबाई! पाडव्याला गुढी उतरली!" इंदुमतीबाईंनी तोंडावर हात ठेवला. "मेले हे मणी घरंगळतायत बघा!"

हरिभाऊंनी माळ वर ढकलली. गेली. सोडली. सर्रकन खाली. पुन्हा वर, पुन्हा खाली. वेळूला घट्ट बिलगलेली, तरी मणी कसे गरगरत होते, पाळण्यातल्या खुळखुळ्यासारखे!

"अहो, खेळताय काय गुढीशी?"

"इंदू," हरिभाऊंचा आवाज चिरकला, "अगं, घरंगळणं हेच तर हिचं काम!"

आणि भर पाडव्याला त्यांनी गुढीच्या गळ्यातली माळ सोडवली. साडी बायकोच्या हातात दिली, होडीत चढले, माळेचं एक टोक बेचक्याच्या या कानाला, दुसरं त्या कानाला बांधलं. मध्ये डोलकाठी, भोवती मणी.

"देवाची माळ आहे ती! आणा इकडे!" म्हणत इंदुमतीबाई ओचा सावरून मागोमाग होडीत चढल्या. हरिभाऊ पलीकडून खाली उतरले होते. त्यांनी दोर ओढला. मणी डोलकाठीवरून खुळखुळत निघाले, बेचकं अलगद वर, काठी वर, आणि पांढरं शीड छपराच्याही वर उलगडलं. हरिभाऊंनी दोर बांधून टाकला आणि मागे सरून बघत राहिले. डोळे भरून आले त्यांचे.

नेमकं तेव्हाच मुकेशने ठेला आत घ्यायला फाटक सताड उघडलं. मागून चैत्राचा वारा आला, शिडात भरला, आणि होडी गाड्यासकट फाटकाबाहेर चालू लागली.

"अम्मा, उतरो!"

"अहो, थांबवा हिला!"

हरिभाऊ मागे लोंबणारा दोर धरून धावले. मुकेश ठेला सोडून भिंतीला चिकटला. रामकृष्ण दाढीचा फेस तसाच ठेवून ओट्यावर आले. गल्लीच्या उतारावरून नऊवारीतल्या इंदुमतीबाई, काखेत गुढीची साडी, एका हाताने डोलकाठी धरून, शांतपणे निघाल्या होत्या. पदर वाऱ्यावर फडफडत होता. नथ हलत होती.

हरिभाऊंनी टाच रोवून दोर खेचला. होडी थांबली.

"लागलं नाही ना गं?"

इंदुमतीबाई मागे वळल्या. "थांबवलीत कशाला?"

मुकेश धापा टाकत पोचला. "अम्मा, तो... भंगार ले जाएँ?"

"भैया," इंदुमतीबाई वरूनच म्हणाल्या, "तुम टेम्पो बुलाओ. हमें बरुआसागर जाना है."