मोगऱ्याच्या जागेवरची सूर्यचूल

मी सूर्यचूल बोलतेय. गारखेड्यातल्या एका दुमजली घराच्या गच्चीवर माझं आयुष्य गेलं. सगळं शहर पावसाची वाट बघत होतं, तेव्हा तो पडू नये असं मनापासून वाटणारी बहुतेक मी एकटीच असेन. सांगताना लाज वाटते, पण न सांगून करू काय?

माझं रूप साधं. पत्र्याची पेटी, आतून काळा रंग, वर काचेचं झाकण आणि त्याच्यावर उघडमीट करणारा आरसा. आरशानं ऊन आत पाठवायचं, काचेनं ते धरून ठेवायचं आणि मी काळ्या डब्यांतला वरणभात सावकाश शिजवायचा. पडेगावच्या निजामुद्दीन मिस्त्रींनी मला ठोकून उभं केलं. पण माझं चित्र काढलं आणि आरशाचा कोन ठरवला, तो मुकुंदरावांनी.

मुकुंदराव शास्त्रज्ञ. जन्मभर प्रयोगशाळेत माती तपासली. निवृत्त झाले आणि घरात छंदांचा पूर आला. बासरी, जलरंग, माशांची काचपेटी, बंद घड्याळं उघडून बसणं. निजामुद्दीनभाईंबरोबर बुद्धिबळ खेळायचे आणि हरता हरता त्यांच्याकडून उर्दू शिकायचे. घड्याळं तेवढी उघडली जायची, परत जोडायची राहून जायची. "तुमचं म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या," असं त्यांच्या पत्नी भानुमतीबाई म्हणायच्या. त्यावर मुकुंदरावांचं उत्तर ठरलेलं, "एक धड आहे नं. मोगरा."

ते मात्र खरं होतं. कठड्याच्या कडेनं मोगऱ्याच्या कुंड्यांची रांग होती. माती त्यांनी स्वतः कालवलेली, चिमटीत चुरून, वास घेऊन. उन्हाळ्यात रोज संध्याकाळी ते ओंजळभर कळ्या बाईंच्या पदरात टाकायचे. बाई तिथंच बसून गजरा ओवायच्या आणि अंधार पडेपर्यंत दोघं काहीबाही बोलत राहायचे. मी कोपऱ्यात ताडपत्रीखाली धुमसत असायचे. गच्चीवरचं सगळ्यात चांगलं ऊन त्या झाडांना, आणि मला उरलंसुरलं.

मग दोन हजार बाराचं साल आलं. पाऊस तोंड दाखवून गेला. नळाचं पाणी कधी येईल याचा भरवसा उरला नाही, टँकर आला की गल्लीत हंड्यांची रांग लागायची. मुकुंदरावांनी मासे देऊन टाकले. ब्रश धुवायलाही पाणी लागतं म्हणून रंग बंद केले. शेवटी मोगऱ्याच्या कुंड्या, ज्यांच्या बोअरला पाणी होतं अशा ओळखीच्यांना वाटल्या. एकच मागं ठेवली, टाकीच्या आडोशाला, तांदळाच्या धुवणावर जगवायला. रिकाम्या जागेवर मला आणून ठेवलं.

मला केवढा आनंद झाला होता. श्रावणातसुद्धा आभाळ निळंभोर. माझ्या कामाला एक दिवस खाडा नाही. मुकुंदराव शीळ घालत वर यायचे, मला उन्हाकडे वळवायचे, आरशाचा कोन बघून खूश व्हायचे. खाली बाई टँकरपाशी हंडा घेऊन उभ्या असायच्या, त्या मला वरून दिसायच्या. तरी दौलताबादच्या बाजूनं एखादा ढग आला की मी मनात म्हणायचे, जा बाबा, पुढं जा. ढग काही माझं ऐकून जात नव्हते, एवढं मला कळतं. पण वाटायचं ते वाटायचंच.

"यंदा पाऊस झाला की तुझा मोगरा परत लावतो," मुकुंदराव बाईंना सांगायचे.

"लावा. मी कुठं पळून चाललेय?"

एखादं वर्ष बरं जायचं, की पुन्हा कोरडं. मोगरा पुढच्या सालावर जायचा. दरम्यान पूर्वेच्या मोकळ्या प्लॉटवर मोठी इमारत उभी राहिली आणि दुपारपर्यंत माझ्या जागेवर सावली यायला लागली. मुकुंदरावांनी मला ओढत टाकीजवळ नेलं. त्या एका कुंडीच्या शेजारी.

मे महिना होता. आरसा उघडून ते खाली गेले आणि निजामुद्दीनभाईंबरोबर डावात रमले. मला वळवायचं विसरले. सूर्य सरकला, तसा माझ्या आरशातला झोत काचेवरून घसरला आणि मोगऱ्यावर जाऊन बसला. झाडाला कळ्या आल्या होत्या. वरून मे महिन्याचं ऊन, बाजूनं मी. मला मान वळवता आली नाही. त्याची पानं माझ्यासमोर कडा दुमडत करपत गेली.

संध्याकाळी दोघं वर आले. मुकुंदरावांनी कुंडीत बोट खुपसून पाहिलं, मग करपलेल्या कळ्या एकेक करून ओंजळीत घेतल्या.

"जाऊ द्या हो. त्या चुलीचा काय दोष?" बाई म्हणाल्या.

"तिचा नाहीच. कोन मी लावला होता."

त्यानंतर त्यांची शीळ मी ऐकली नाही. रोज संध्याकाळी ते चौकातून विकतचा गजरा आणायचे. बाई माळायच्या, पण ओवायला काही नसायचं, त्यामुळं गच्चीवर बसणंही राहून गेलं. गेल्या हिवाळ्यात मुकुंदराव गेले. मोगरा लावायचा राहिलाच.

परवा बाईंनी निजामुद्दीनभाईंना वर बोलावलं. ते आता थकलेत, कठड्याला धरत धरत आले. बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "आरसा काढा, काच काढा, आणि बुडाला भोकं पाडून द्या."

"भाभी, साब की निशानी है. मैं कैसा छेदां मारूं इसकू?"

"मारा. पाणी साचलं तं मूळ कुजतं. त्यांनीच शिकवलंय मला."

निजामुद्दीनभाईंनी डोळे पुसले आणि खिळा लावला. हातोडीचा एकेक घाव मी घेतला. खरं सांगते, बरं वाटलं. मग आपल्या भावाच्या दौलताबादच्या शेतातून आणलेली माती त्यांनी माझ्यात ओतली. बाईंनी ती चिमटीत चुरली, वास घेतला आणि मोगऱ्याचं रोप लावलं. आरसा त्यांनी खाली नेऊन आपल्या खोलीत टांगलाय. गजरा नीट बसलाय का, ते बघायला, असं म्हणाल्या. गजऱ्याच्या कळ्या अजून यायच्यात.

आता मला झाकण नाही, ताडपत्री नाही. पोटात ओली माती आहे आणि तिच्यात एक मूळ चाचपडतंय. दौलताबादच्या बाजूला आज पुन्हा ढग दिसतायत.

ढगांनो, तुम्हाला बोलवायला मला तोंड नाही. पण या. मुकुंदरावांनी बाईंना कबूल केलेला मोगरा आता माझ्याकडे आहे.