मास्तर, बाई आणि चढावरची गाडी

गाडी शिकवणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे मास्तर म्हणत. वय पन्नाशीच्या अलीकडचं, पोट स्टेअरिंगला टेकायला आलेलं आणि आवाज असा, की बोनेटवर झोपलेल्या मांजराने मुकाट्याने खाली उतरावं. अर्ध्या गावाला त्यांनी गाडी शिकवली होती. उरलेलं अर्धं गाव त्यांच्या शिकाऊ गाडीला वाट करून देण्यात तरबेज झालं होतं. असं सगळं छान चाललेलं असताना परवाना कार्यालयातून फर्मान आलं: यापुढे गाडी शिकवणाऱ्या प्रत्येकाने एक लेखी परीक्षा द्यायची. विषय: गती, बल आणि ऊर्जा. पास झालात तर शिकवा, नाहीतर घरी बसा.

मास्तरांना दरदरून घाम फुटला. शाळेत याच विषयाने त्यांना एवढं छळलं होतं, की ते शाळाच सोडून गॅरेजमध्ये शिरले होते.

"त्यात काय एवढं?" बायको म्हणाली. ती औषधांच्या दुकानात काम करायची आणि घरी आल्यावर कुणाचीही तक्रार ऐकायची तिची तयारी नसे. "आईकडे जा. तिने जन्मभर दुसरं काय शिकवलं?"

मास्तरांचा चेहरा आणखी उतरला. सासूबाई म्हणजे शाळेतल्या भौतिकशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका. सगळं गाव त्यांना बाई म्हणायचं. त्या दोन गल्ल्या सोडून एकट्या राहत. सासू-जावयाचं नातं अतिशय सलोख्याचं होतं, कारण दोघं एकमेकांशी फारसं बोलतच नसत.

"आणि तिलाही तुमची गरज आहे," बायको पुढे म्हणाली. "बाबांची गाडी पोरकी होऊन पडलीय. आईला ती चालवायचीय. दोन ठिकाणी शिकायला गेली होती, दोघांनीही हात टेकले. तुम्हाला सांगायची तिला लाज वाटते. एकमेकांना शिकवा आणि मला मोकळं करा."

असा करार ठरला. सकाळी गाडीत मास्तर गुरू, संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बाई गुरू. बाईंनी पहिल्याच दिवशी नियम घातला. "टेबलावर मला आई म्हणायचं नाही, बाई म्हणायचं. गाडीत मी तुम्हाला जावईबापू म्हणणार नाही, मास्तर म्हणेन. नात्याची भीड आली की अभ्यास बोंबलतो."

पहिल्या संध्याकाळी बाईंनी गणित वाचलं. "एक ठोकळा घर्षणरहित उतारावरून खाली घसरत आहे..."

"कुणाचा ठोकळा?" मास्तरांनी विचारलं.

"कुणाचा म्हणजे?"

"नाही, उतारावर सोडून दिलाय म्हणून म्हटलं. खाली माणसं असतात."

"खाली कुणी नाही. पुढे ऐका. घर्षण नाही."

"असं कसं घर्षण नाही? तेल सांडलंय?"

"तेल सांडलेलं नाही. आपण घर्षण नाही असं मानलंय."

"आपण मानून काय होतंय बाई? मी उद्या मानलं की ब्रेक आहेत, तर गाडी थांबणार आहे का?"

बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. छत्तीस वर्षांच्या नोकरीत एवढ्या लवकर चष्मा पुसायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती.

सकाळी गाडीत उट्टं निघालं. मास्तर म्हणाले, "आता क्लच हळूहळू सोडा."

"किती?"

"हळूहळू."

"हळूहळू हे माप नाही. सेंटिमीटरमध्ये सांगा."

"ते पायाला कळतं, बाई."

"माझा पाय एवढा शिकलेला नाही. आकडा सांगा."

गाडीने बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली. मास्तरांचं कपाळ काचेवर आपटलं. बाईंनी शांतपणे सांगितलं, की गाडी थांबली तरी त्यांचं कपाळ आधीच्याच वेगाने पुढे जात राहिलं, यालाच जडत्व म्हणतात आणि हे परीक्षेत हमखास येतं. मास्तरांनी कपाळ चोळत ते लक्षात ठेवलं. खरं सांगायचं तर तेवढं एकच त्यांना पहिल्या फटक्यात कळलं.

दिवस असे जात राहिले. बाई गाडी चालवत ती पायी चालणाऱ्याला गप्पा मारता येतील एवढ्या वेगाने. टेबलावर मास्तर प्रत्येक ठोकळ्याची चौकशी करत आणि उत्तरापुढे एकक लिहायला विसरत. "पंधरा काय? पंधरा बटाटे?" बाई खेकसत. दोघांनाही समोरचा विद्यार्थी मठ्ठ आहे याबद्दल तिळमात्र शंका नव्हती.

मग ब्रेकचं गणित आलं. एक गाडी अमुक वेगाने जातेय, ब्रेक मारला तर किती अंतरावर थांबेल? मास्तरांची कळी खुलली. हा तर त्यांचा घरचा प्रांत. "हे मी पोरांना रोज सांगतो. वेग दुप्पट, तर थांबायला जागा दुप्पट."

"चौपट," बाई म्हणाल्या.

"दुप्पट. माझी हयात गेलीय यात."

"तुमची हयात चुकली मग. वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते. ती सगळी ब्रेकने खायची असते, आणि ब्रेकचा घास काही मोठा होत नाही. चौपट अंतर लागणारच."

मास्तर हट्टाला पेटले. दुसऱ्या दिवशी दोघं गाडी घेऊन बंद पडलेल्या वीटभट्टीमागच्या मोकळ्या मैदानावर गेले. बाईंनी जमिनीवर पायाने रेघ ओढली आणि छत्री घेऊन बाजूला उभ्या राहिल्या. मास्तरांनी काटा वीसवर आणला आणि चाकं रेघेवर येताच करकचून ब्रेक दाबला. बाईंनी छत्रीने अंतर मोजलं. तीन छत्र्या भरल्या. मग मास्तर लांबून चाळीसने आले. या खेपेला धूळ उडाली, एक कुत्रं भुंकायला लागलं आणि गाडी रेघेच्या पार पलीकडे जाऊन थांबली. मास्तर स्वतःच छत्री मागून घेऊन मोजायला निघाले. सहा झाल्या. सात झाल्या. नऊनंतर त्यांनी मोठ्याने मोजणं बंद केलं. बारा छत्र्या भरून वर थोडं उरलं.

ते तिथेच धुळीत उकिडवे बसले.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"मी सगळ्यांना दुप्पट सांगितलंय," मास्तर म्हणाले. "अर्ध्या गावाला."

बाईंना टोमणा सुचला होता, पण त्यांनी तो गिळला. "दुप्पट सांगितलंत, पण अंतर भरपूर ठेवायला शिकवलंत ना? आतापासून चौपट सांगा. चला, ऊन तापतंय."

त्या दिवसापासून मास्तरांनी ठोकळ्याचा मालक कोण हे विचारणं सोडून दिलं. रोज संध्याकाळी ते वेळेआधी हजर होऊ लागले आणि गणित सुटलं नाही की बायकोशीसुद्धा बोलेनासे झाले. बायकोने ही आनंदाची बातमी दुकानात सगळ्यांना सांगितली.

बाईंची गाडी मात्र अडली ती चढावर. पाण्याच्या टाकीकडे जाणारा एक अरुंद, उभा रस्ता होता आणि परवान्याच्या परीक्षेत त्याच रस्त्यावर गाडी मध्येच थांबवून परत काढायला लावत. त्या सकाळी बाईंनी चढाच्या मधोमध गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला आणि निघायला गेल्या तर गाडी बंद. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. तेवढ्यात मागे एक टेम्पो येऊन उभा राहिला. त्याच्या हौद्यात एक अख्खा आरसा उभा बांधलेला होता, कपाटाएवढा. मागे बघायच्या आरशात बाईंना तो आरसा दिसला आणि त्या आरशात त्यांची स्वतःची गाडी, पाठीकडून, फार जवळ.

"मास्तर, मी मागे गेले तर?"

"मागे जायचं नाही."

"पण गेले तर?"

टेम्पोवाला उतरून खिडकीशी आला. "बाई, घाई नाही हां," तो म्हणाला. "फक्त हा आरसा एका नवरीचा आहे, तेवढं लक्षात असू द्या."

हे ऐकल्यावर बाईंनी स्टेअरिंग सोडून ओढलेला हँडब्रेकच दोन्ही हातांनी धरून ठेवला. मास्तरांनी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. ओरडायला म्हणून उघडलेलं तोंड त्यांनी मिटलं. मग काय सुचलं कोण जाणे, त्यांनी धुळीने भरलेल्या डॅशबोर्डवर बोटाने एक तिरकी रेघ ओढली आणि तिच्यावर एक चौकोन काढला.

"बाई, आपल्या गाडीवर कुठली बलं आहेत, सांगा बरं."

बाई चमकल्या. "आत्ता?"

"आत्ताच. माझं चुकतंय का बघा. वजन सरळ खाली." त्यांनी बाण काढला. "रस्त्याचा रेटा रस्त्याला काटकोनात. आणि तिसरं घर्षण, चढाच्या दिशेने वर. बरोबर?"

"बरोबर," बाई पुटपुटल्या. त्यांनी चष्मा सारखा केला. "आणि गाडी कशामुळे थांबलीय?"

"हँडब्रेकमुळे."

"चूक. हँडब्रेकने चाक धरलंय. गाडीला कुणी धरलंय?"

मास्तरांनी घर्षणाच्या बाणावर बोट टेकवलं. मग सावकाश म्हणाले, "रस्त्याने."

"शाबास!" बाई एवढ्या जोरात म्हणाल्या, की टेम्पोवाला दचकला.

"मग ऐका," मास्तर म्हणाले. "ज्या रस्त्याने धरून ठेवलंय, तोच ढकलणार आहे. चाकाने रस्त्याला मागे रेटायचं, रस्ता आपल्याला पुढे रेटतो. क्लच तेवढ्यासाठी. आकडा मागू नका. गाडी सुरू करा, ॲक्सिलरेटर जरा दाबा आणि क्लच सोडत या. आवाज जड होईल, गाडीचं नाक किंचित उचलल्यासारखं वाटेल. तेव्हा सांगा."

बाईंनी डोळे बारीक केले. इंजिन घुमलं, मग त्याचा आवाज घोगरा झाला आणि सीटखालून एक कंप वर चढला.

"आलं," बाई हळूच म्हणाल्या. "मास्तर, आलं! पायाला कळलं!"

"हँडब्रेक सोडा."

गाडी एक बोटभरही मागे न सरकता चढाला लागली. मागे टेम्पोवाल्याने हॉर्नवर ताल धरला. बाई टाकीपर्यंत चालवत गेल्या आणि वर पोचल्यावर पदवी मिळाल्यासारख्या ताठ बसून राहिल्या.

आधी मास्तरांची परीक्षा झाली. शेवटचं गणित घर्षणरहित उताराचंच निघालं. त्यांनी ते बिनचूक सोडवलं, एकक लिहिलं आणि खाली स्वतःच्या मनाने एक ओळ जोडली: "असा उतार प्रत्यक्षात आढळल्यास तिथे गाडी उभी करू नये." ते पास झाले. त्या ओळीला गुण मिळाले की कापले गेले, हे शेवटपर्यंत समजलं नाही.

बाई नापास झाल्या. चढ त्यांनी झकास काढला होता, पण परीक्षकाने अचानक ब्रेक मारायला सांगितल्यावर त्यांनी आधी वेग विचारला, मग थांबायचं अंतर काढलं आणि ते त्याला समजावून सांगेपर्यंत गाडी चौक ओलांडून गेली.

कार्यालयाबाहेरच्या बाकावर त्या जाऊन बसल्या. मास्तर शेजारी बसले.

"मी शेकडो मुलांना नापास केलंय," बाई म्हणाल्या. "नापास झाल्यावर काय करतात हो?"

मास्तरांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "इतरांचं ठाऊक नाही. मला दर वेळी सपाटून भूक लागायची."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "मलाही लागलीय," त्या म्हणाल्या, आणि दोघं समोरच्या हॉटेलात जाऊन भरपेट जेवून आले.

पुढच्या महिन्यात बाई पास झाल्या. त्याच रविवारी त्यांनी नवऱ्याची पोरकी पडलेली गाडी बाहेर काढली आणि लेक-जावयाला तलावाकडे फिरायला न्यायचं ठरवलं. लेक मागच्या सीटवर बसल्या बसल्या झोपली. मास्तर पुढे बसले. त्यांच्या शिकवायच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक असे, या गाडीत नव्हता. तरी प्रत्येक वळणावर त्यांचा उजवा पाय पायपुसण्यावर दाबला जात होता.

"जावईबापू," रस्त्यावरची नजर न हलवता बाई म्हणाल्या, "केव्हापासून बघतेय, बल भरपूर लावताय. विस्थापन किती?"

"शून्य," मास्तर म्हणाले.

"म्हणजे कार्य?"

"तेही शून्य, आई. पण घाम खरा आहे."

बाई हसल्या आणि त्यांनी गिअर बदलला.